फिनिशमधील अकर्मक क्रियापदे आणि तथाकथित 'कर्मणी' रूप : एक चिकित्सा

कर्मणी प्रयोगास सकर्मक क्रियापद आवश्यक असते, हा नियम मराठी अभ्यासकाच्या मनात शालेय वयापासून रुजलेला असतो. फिनिश भाषेच्या अध्ययनात नेमका हाच संस्कार अडसर ठरतो. नाचणे ही क्रिया अकर्मक. तरीही 'तन्स्सित्तीन' हे तिचे 'पॅसिव्ह' रूप सर्रास वापरले जाते. त्याचा अर्थ एवढाच, की 'लोक नाचले'. कोण, ते अनुक्त. 'युओदान' या रूपाचेही तसेच : फिनलंडमध्ये कॉफी पुष्कळ 'पितात'. मराठीतील हे कर्तृलोपी अनेकवचन पाठ्यपुस्तकांतील 'प्यायली जाते' या कृत्रिम भाषांतरापेक्षा मूळ अर्थाच्या कितीतरी जवळ आहे.

तेव्हा दोष संज्ञेचा आहे. लॅटिन व्याकरणाच्या साच्यातून आलेली ही संज्ञा कर्माला कर्त्याचे स्थान मिळाल्याचे सुचवते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. 'तलो रकेन्नेत्तीन' (घर बांधले गेले) आणि 'तलोत रकेन्नेत्तीन' (घरे बांधली गेली) यांत क्रियापद बदलत नाही. 'मिनुत विएतीन' (मला नेले) यात तर सर्वनाम उघडपणे कर्मविभक्तीत राहते. 2004 साली प्रकाशित झालेल्या 'इसो सुओमेन किएलिओप्पि' या बृहद्व्याकरणाने जुनी संज्ञा राखली, मात्र तिला 'एकपुरुषी' हे विशेषण जोडले. ही तडजोड रास्त असली तरी नवशिक्याची अडचण तिने पुरती दूर होत नाही.

भावे प्रयोगाशी तुलना करण्याचा मोह येथे स्वाभाविक आहे. 'मुलांनी नाचावे' यातही क्रियापद कोणाशीच जुळत नाही, आणि ते अकर्मक आहे. परंतु मराठीत कर्ता तृतीयेत उपस्थित असतो. फिनिश रूपात त्याला सहसा जागाच नसते. साम्य येथे संपते.

खरी कसोटी मात्र 'दार उघडले' या साध्या वाक्याची. मराठीत 'उघडणे' सकर्मकही आहे आणि अकर्मकही. फिनिशमध्ये 'ओवि अवत्तीन' म्हटले की कोणा माणसाने दार उघडले. वाऱ्याने उघडले असल्यास 'ओवि अवउतुइ' हे साधित अकर्मक क्रियापदच योजावे लागते. 'पॅसिव्ह' रूपामागील अनुक्त कर्ता सामान्यतः मनुष्यच असतो. हा मुद्दा रूपावलीच्या आधी शिकवला जाणे इष्ट; प्रत्यक्षात प्रत्यय आधी पाठ होतात आणि वाऱ्याला हात फुटतात.

बोलीत 'मे मेन्नॅन' (आम्ही जातो) असे म्हणताना हेच रूप प्रथमपुरुषी अनेकवचनाचे काम करते. 'कर्मणी' या नावाखाली त्याचे स्पष्टीकरण कसे द्यावे, हा प्रश्न अध्यापकापुढे उरतोच.