भाड्याची खोली आणि लपवलेला ‘मी’ : ‘मुखवट्याची कबुली’, ‘कोबाल्ट ब्लू’ आणि ‘मोहनस्वामी’

आधुनिक जपानी आत्मकथनात्मक कादंबरीचा विचार युकिओ मिशिमा यांच्या ‘कामेन नो कोकुहाकु’ (१९४९) या कृतीला वगळून करता येत नाही. शीर्षकाचा अर्थ ‘मुखवट्याची कबुली’. कबुली द्यावयाची तर मुखवटा उतरवावा लागतो, हा सर्वसाधारण समज. येथे मात्र मुखवटाच कबुली देतो आहे. समलिंगी आकर्षण मनात दडवून समाजमान्य पुरुष होण्याचा सराव करणाऱ्या तरुणाची ही कथा मराठी आणि कन्नड कथनांशेजारी ठेवली असता तीन प्रश्न उभे राहतात. गुपित कोणापासून राखले जाते? ते कोणत्या जागेत राखले जाते? आणि ते उच्चारले जाते तेव्हा कोणाला उद्देशून? प्रस्तुत विवेचन या तीन प्रश्नांपुरते मर्यादित आहे.

जपानीत ‘वाताकुशी शोसेत्सु’ म्हणजे ‘मी-कादंबरी’ हा प्रकार विसाव्या शतकाच्या आरंभी रुजला. तायामा काताई यांची ‘फुतोन’ (१९०७) ही कृती त्याचा प्रारंभबिंदू मानली जाते. कथनातील नायक म्हणजे लेखकच आणि त्याने सांगितलेली लाजिरवाणी गोष्ट म्हणजे सत्यच, असा वाचक आणि लेखक यांच्यातील अलिखित करार या प्रकाराच्या मुळाशी आहे. मिशिमा यांनी हा करार स्वीकारला आणि त्याच वेळी तो आतून पोखरला. ‘मिशिमा’ हेच मुळात टोपणनाव. लेखकाचे खरे नाव हिराओका किमिताके. अर्थखात्यातील नोकरीचा १९४८ मध्ये राजीनामा देऊन चोविसाव्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या या कादंबरीत नायकाचे बालपण, आजीच्या आजारपणाच्या खोलीत गेलेली वर्षे, सैन्यभरतीच्या तपासणीत अपात्र ठरणे, हा सगळा तपशील लेखकाच्या चरित्राशी जुळतो. पण नायक कोचान स्वतःविषयी जे जे सांगतो, त्याला अभिनयाचा स्पर्श आहे. आपण नाटक करतो तसे इतर सर्वजणही करीत असावेत, अशीच त्याची प्रामाणिक समजूत आहे. सोनोको या तरुणीवरील प्रेमही तो एखाद्या परीक्षेला बसावे तसे करू पाहतो. युद्धकाळात मृत्यू जवळ दिसत असतो, म्हणून भविष्याची जबाबदारी नसते. पराभवानंतर त्याच्यापुढे खरे भय उभे राहते ते दैनंदिन जगण्याचे, म्हणजे नोकरी, विवाह आणि कुटुंब यांचे. सामाजिक अनुरूपतेचा जाच युद्धापेक्षा शांततेत अधिक, हे या कादंबरीने दाखविलेले कटू सत्य आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पुरुषांमधील लैंगिक संबंधांना शिक्षा ठरविणारा मेइजी काळातील अल्पजीवी कायदा जपानमध्ये १८८० च्या दंडसंहितेत वगळला गेला. मिशिमा लिहीत होते तेव्हा कोचानला तुरुंगाचे भय नव्हते. भारतात १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ मात्र दीर्घकाळ टिकले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्याचा संकोच केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय फिरविला आणि २०१८ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना अखेर गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. दोन्ही समाजांतील कथने एकत्र वाचताना दिसते की, कायदा असो वा नसो, मुखवट्याची घडण घराच्या उंबरठ्याच्या आतच होते. म्हणून या साहित्याचा अर्थ केवळ कायद्याच्या इतिहासातून लावणे अपुरे ठरते.

मराठीत ओळख लपविण्याच्या कथनाची परंपरा समृद्ध आहे. पण ती जातीच्या संदर्भातील आहे. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथा येथे आठवते. परप्रांतात रेल्वेच्या नोकरीवर रुजू झालेल्या नायकासमोर खोली मिळविण्याच्या बोलण्यातच जातीचा प्रश्न येतो. जपानीत याला समांतर अशी कृती म्हणजे शिमाझाकी तोसोन यांची ‘हाकाई’ (१९०६). अस्पृश्य मानल्या गेलेल्या बुराकुमिन समाजात जन्मलेला शिक्षक उशिमात्सु आपले कुळ लपवून राहतो. त्याच समाजातील एका श्रीमंत माणसाला भाड्याच्या जागेतून हाकलले जाते आणि अस्वस्थ झालेला उशिमात्सु बिऱ्हाड बदलण्याची तयारी करतो, तेथे कादंबरी सुरू होते. दोन भिन्न भाषांतील या दोन कथांचा आरंभ भाड्याच्या खोलीशी निगडित असावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. खोली भाड्याने घेताना माणसाला ‘तू कोण’ या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. घरमालक हा समाजाचा पहिला पहारेकरी असतो.

तथापि जातीचे गुपित आणि लैंगिकतेचे गुपित यांत मूलभूत भेद आहे. उशिमात्सुला ओळख लपविण्याची आज्ञा त्याच्या वडिलांनीच दिलेली आहे. गुपित वारशाने आलेले आहे. घरात ते सर्वांना ठाऊक आहे. आपले कुळ उघडपणे सांगणारा इनोको रेन्तारो हा लेखकही त्याच्यासमोर आदर्श म्हणून उभा आहे. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) निवेदक दया पवार आणि दगडू मारुती पवार असा दुभंगतो खरा, पण त्या दोघांमागे आई आहे, गाव आहे, महारवाडा आहे. दलित आत्मकथनातील ‘मी’ एकवचनी असूनही ‘आम्ही’चा भार पेलतो. समलिंगी आकर्षण अनुभवणाऱ्या तरुणामागे असा ‘आम्ही’ नसतो. त्याचे गुपित बाहेरच्या जगापासून नव्हे, तर प्रथम आईपासून लपवलेले असते. घर हे त्याचे आश्रयस्थान नसते, तेच त्याचे पहिले रंगमंच असते. कोचानचा मुखवटा आजीच्या खोलीत घडतो, तो यामुळेच. एकाकी ‘मी’ला कबुलीसाठी श्रोता कोठून मिळणार, हा मराठी कथनापुढील प्रश्न होता. विजय तेंडुलकर यांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकात स्त्रीवर प्रेम करणाऱ्या मित्राची कथा बापू हा पुरुष मित्र सांगतो. आशय धीट आहे; पण गोष्ट जिची, निवेदनाचा अधिकार तिचा नाही.

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ने (२००६) हा अधिकार घेतला आणि तो घेताना वेगळी वाट काढली. पुण्यातील एका मध्यमवर्गीय मराठी घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या तरुणावर तनय आणि त्याची बहीण अनुजा या दोघांचेही प्रेम जडते. तो अनुजासह निघून जातो. पहिल्या भागातील तनयचे निवेदन त्या निघून गेलेल्या ‘तू’ला उद्देशून आहे. ‘मी-कादंबरी’तील कबुली वाचकाच्या न्यायासनापुढे दिली जाते, तनय कबुली देत नाही, तो आठवतो. जो श्रोता आहे तो परत येणार नाही आणि जे घरात आहेत त्यांना ऐकवता येणार नाही. मुलगी पळून गेली या दुःखात सारे घर बुडालेले असताना त्याच घरातील मुलाच्या तितक्याच खोल विरहाला शोकाचा अधिकारही नाही. कादंबरीचा सामाजिक आशय या मौनात आहे. दुसऱ्या भागात अनुजा बोलते. तिचे दुःख दृश्य आहे म्हणून तिच्यावर उपाय योजले जातात. तनयचे अदृश्य आहे म्हणून तो मोकळा आहे. लपलेपण हे येथे शिक्षाही आहे आणि सवलतही.

या सवलतीचे स्वरूप खोलीवरून कळते. पाहुण्याच्या खोलीत मुलगा तासन् तास बसला तर मध्यमवर्गीय घराला त्यात वावगे दिसत नाही. दोन पुरुषांचा सहवास समाज संशयाने पाहत नाही, कारण त्यात काही असू शकते ही कल्पनाच त्याला सुचत नाही. हे आंधळेपण जितके क्रूर, तितकेच आश्रय देणारे. महानगरांत तर त्याला व्यवस्थेचे रूप आले आहे. बेंगळुरूच्या पूर्वेकडील, बाह्य वळण रस्ता आणि जुना विमानतळ रस्ता यांच्या सांध्यावरील मारतहळ्ळीसारख्या वस्तीत पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगवेगळ्या पीजी आहेत. संगणक-उद्योगात नोकरीस आलेले मराठी, तेलुगू, हिंदी, बंगाली भाषक तरुण तेथे खोल्या वाटून घेऊन राहतात. अविवाहित स्त्री-पुरुषांनी एकत्र खोली मागितली तर जी चौकशी होते, ती दोन पुरुषांच्या वाट्याला येत नाही. पण ही सवलत मुदतीची असते. विवाहाचे वय उलटू लागले की ‘एकटा का’ हा प्रश्न गावाकडून दूरध्वनीवरून येऊ लागतो.

याच बेंगळुरूच्या जीवनातून वसुधेंद्र यांचा ‘मोहनस्वामी’ (२०१३) हा कन्नड कथासंग्रह आला. बळ्ळारी जिल्ह्यातील संडूर हे लेखकाचे गाव. घोरपडे या मराठा घराण्याच्या संस्थानाची ती राजधानी, हे मराठी अभ्यासकाला सांगावयास नको. दीर्घकाळ संगणक-क्षेत्रात नोकरी केलेल्या या लेखकाने मोहनस्वामीची कथा प्रथम टोपणनावाने प्रसिद्ध केली आणि पुढे संग्रह स्वतःच्या नावाने आणून आपली ओळखही जाहीर केली. सोबत राहणारा कार्तिक स्त्रीशी विवाह करावयास निघतो, तेव्हा मोहनस्वामीच्या घराची ‘मुदत’ संपते. त्या सहजीवनाला नाव नव्हते, म्हणून त्याच्या शेवटालाही नाव नाही. विशेष असा की, आत्मचरित्राच्या इतक्या जवळ असलेल्या या कथा तृतीयपुरुषी निवेदनात आहेत. मिशिमा ‘मी’ म्हणतात आणि त्या ‘मी’ला मुखवटा ठरवितात, वसुधेंद्र ‘तो’ म्हणतात आणि त्या ‘तो’च्या आडून स्वतःच्या नावापर्यंत येतात. एकाचा प्रवास कबुलीकडून मुखवट्याकडे, दुसऱ्याचा मुखवट्याकडून कबुलीकडे. मिशिमा यांनी १९५८ मध्ये विवाह केला. आपली कादंबरी कोणत्या अर्थाने आत्मचरित्र आहे, हे कोडे त्यांनी हेतुतः अनिर्णित ठेवले.

यावरून समीक्षेच्या एका सवयीचा फेरविचार करणे प्राप्त होते. अशी कृती हाती आली की लेखकाच्या खासगी जीवनाशी तिचा ताळा पाहण्याकडे समीक्षकाचा कल असतो. ‘हे खरे घडले काय’ हा प्रश्न चरित्रकाराच्या दृष्टीने योग्य असेल. पण समीक्षकाने तोच लावून धरला तर तो खोली देण्यापूर्वी कुळ विचारणाऱ्या घरमालकाच्या जागी जाऊन बसतो. ज्या जाचाचे चित्रण कृती करते, त्याचीच पुनरावृत्ती तिच्या वाचनात घडते. स्वतःहून ओळख जाहीर करणाऱ्या वसुधेंद्रांच्या कथा आणि जाहीर न करता लिहिलेली एखादी कादंबरी यांचे मोल या एका निकषावर ठरविता येणार नाही. लक्ष द्यावयाचे ते निवेदनाच्या पुरुषाकडे आणि श्रोत्याकडे. ‘मी’, ‘तू’ आणि ‘तो’ यांपैकी कोणते सर्वनाम लेखकाला उपलब्ध होते, यात त्या समाजाने त्याला किती जागा दिली होती याची अचूक नोंद असते.

दलित आत्मकथनाने मराठी वाचकाला ऐकावयास शिकविले. सांगणाऱ्याच्या ‘मी’मागे ‘आम्ही’ ओळखण्याचा संस्कार त्याच्यावर घडविला. ‘कोबाल्ट ब्लू’ आणि ‘मोहनस्वामी’ यांसारख्या कृती त्याच वाचकाकडे अधिक अवघड मागणी करतात. ज्या ‘मी’मागे वस्ती नाही, वंशपरंपरा नाही आणि घरीही ज्याला श्रोता नाही, त्याचे बोलणे पुराव्याची मागणी न करता ऐकावे, ही ती मागणी होय.