मनातले पाच रंग आणि भिंतीवरचा तक्ता

पिक्सार या अमेरिकी संस्थेचा 'इनसाइड आउट' हा ॲनिमेशनपट २०१५ साली आला आणि त्याचा दुसरा भाग २०२४ साली. मुलांना दोन्ही आवडतात. शिक्षकांनाही ते आवडतात आणि त्याचे कारण केवळ करमणूक हे नाही. मुलांना आपल्या भावना ओळखता याव्यात, सांभाळता याव्यात हे आता शाळेचे एक काम मानले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहे. पण हे काम करायचे कसे? हाताशी साधने थोडीच. अशा वेळी पाच रंगांची पाच पात्रे आयती मिळाली. त्यांवरून तक्ते तयार झाले, रंगीत पत्ते झाले, 'आज तुझा रंग कोणता?' असे खेळ सुरू झाले.

चित्रपट म्हणून या कृतीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आम्हाला येथे तिच्याकडे शिक्षणाचे साधन म्हणून पाहायचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, चित्रपटाने जे उत्तम सांगितले ते तक्त्यात उतरलेच नाही आणि जे त्याने गोष्टीच्या सोयीसाठी गृहीत धरले तेवढेच तक्त्यात उतरले.

गोष्टीतील खरा धडा

अकरा वर्षांची रायली आईवडिलांबरोबर मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोला राहायला येते. घर नवे, शाळा नवी, जुन्या मैत्रिणी दूर राहिलेल्या. तिच्या डोक्यात एक नियंत्रण कक्ष आहे. तेथे आनंद, दुःख, भीती, राग आणि किळस ही पाच पात्रे यंत्राची बटणे दाबत असतात. पुढारीपण जॉयकडे, म्हणजे आनंदाकडे. सॅडनेसचा, म्हणजे दुःखाचा, हात लागला की रायलीच्या आठवणी निळ्या पडतात. म्हणून जॉय जमिनीवर खडूने एक वर्तुळ काढते आणि सॅडनेसला त्यातच उभे राहायला सांगते. रडणाऱ्या मुलाला 'आधी रडणे थांबव, मग बोल' असे आपण म्हणतो, तेव्हा आपणही खडूचे असेच वर्तुळ काढत असतो.

पुढे बिंग बाँग भेटतो. तो रायलीचा लहानपणीचा काल्पनिक सवंगडी. ज्या गाडीत बसून दोघे चंद्रावर जायचे ठरवीत, ती त्याची गाडी विस्मृतीच्या दरीत ढकलली जाते आणि तो मटकन खाली बसतो. जॉय त्याला गुदगुल्या करते, वेडीवाकडी तोंडे करून दाखवते, खेळ सुचवते. तो हलत नाही. मग सॅडनेस त्याच्याशेजारी बसते आणि त्याची आवडती वस्तू गेली, एवढेच म्हणते. तो गाडीविषयी बोलू लागतो, रडतो, आणि थोड्या वेळाने आपणहून उठून चालू लागतो.

आमच्या मते साऱ्या चित्रपटात शिक्षकांनी जपून ठेवावा असा प्रसंग हाच. सॅडनेसने त्याला हसवले नाही किंवा त्याला कोणता रंगही विचारला नाही. काय घडले ते तिने ओळखले आणि त्याला ते सांगू दिले. शेवटी रायलीही घरी येऊन आईवडिलांना जुन्या गावाची आठवण येते असे सांगते, तेव्हाच तिची कोंडी फुटते. आणि तेव्हा तयार होणारी आठवण पिवळी व निळी अशी दोन्ही रंगांची असते. तक्त्यावर मात्र रंग वेगवेगळ्या चौकटींतच राहतात.

पाच चेहरे आले कोठून?

या चित्रपटासाठी पॉल एकमन व डाखर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस एकमन यांनी पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांमध्ये प्रयोग केले. त्यांवरून राग, भीती, किळस, दुःख, आनंद आणि आश्चर्य या सहा भावनांचे चेहरे जगभर सारखे असतात असा विचार त्यांनी मांडला. चित्रपटाने यांतील आश्चर्य वगळून पाच घेतल्या. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. त्या प्रयोगात फोरे लोकांना आधी एक लहानशी गोष्ट सांगत, उदाहरणार्थ मूल दगावल्याची, आणि मग दोन-तीन छायाचित्रांतून तिला जुळणारा चेहरा निवडायला सांगत. म्हणजे तेथेही चेहऱ्याआधी प्रसंग होताच.

एकमन यांच्या मताला आज सर्वांची संमती नाही. लिसा फेल्डमन बॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली या विषयावरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला. चेहऱ्याच्या हालचाली आणि मनातील भावना यांचा संबंध तक्त्यात दाखवतात तितका पक्का नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अशा अभ्यासांत रागावलेल्या माणसांच्या कपाळाला ठरावीक आठ्या साधारण तीस टक्के प्रसंगीच दिसल्या. उलट, अवघड गणित सोडवणाऱ्या मुलाच्या कपाळावरही आठ्या असतात आणि ते मूल रागावलेले नसते.

लहान मुलांबाबत तर अधिक सावध राहायला हवे. शेरी वायडेन व जेम्स रसेल यांच्या अभ्यासांत असे आढळले की, लहान मुले प्रथम भावनांची 'बरे वाटते' आणि 'वाईट वाटते' अशी ढोबळ विभागणी करतात. बारीक भेद पुढे सावकाश येतात. किळसेचा चेहरा पुष्कळ मुले रागाचा समजतात, आणि ही गल्लत प्राथमिक शाळेची काही वर्षे टिकते. भीतीसारख्या काही भावना तर चेहरा दाखवण्यापेक्षा प्रसंग सांगितला की मुलांना अधिक चांगल्या ओळखता येतात. मग चेहरा व नाव यांच्या जोड्या लावणारा खेळ नेमके काय शिकवतो?

मेंदूत प्रत्येक भावनेची स्वतंत्र खोली आहे हेही खरे नाही. अमिग्डला हा मेंदूतील भाग भीतीचे केंद्र म्हणून पाठ्यपुस्तकांत येतो. परंतु दोन्ही बाजूंचे अमिग्डला निकामी झालेल्या व्यक्तींना कार्बन डायऑक्साइडचे जास्त प्रमाण असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा त्या भीतीने घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. हा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. चित्रपटाला रूपक वापरण्याचा अधिकार आहेच. पण विज्ञानाच्या शिक्षकाने ते रूपक आहे हे मुलांना सांगितले पाहिजे.

दुसऱ्या भागात रायली तेरा वर्षांची होते आणि चिंता, मत्सर, कंटाळा व संकोच ही नवी पात्रे येतात. चिंतेने पुढचे सारे धोके रंगवत ताबा घेणे आणि त्यात रायलीचा श्वास कोंडणे, हा भाग वरच्या वर्गांतील मुलांना जवळचा वाटेल. मात्र मत्सर व संकोच वयात येतानाच येतात, असा समज होऊ देऊ नये. मुले दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून ओशाळू लागतात आणि मत्सर काय असतो ते बालवाडीच्या ताईंना विचारावे!

'वर हसतोस काय?'

हा वाद केवळ पंडितांचा नाही. वर्गात एखाद्या मुलाला आपण रागावतो आणि त्याच्या ओठांवर हसू येते. 'वर हसतोस काय?' म्हणून त्याला दुसऱ्यांदा बोलणी बसतात, कधी मारही बसतो. ते हसू बहुतेक वेळा ओशाळल्याचे किंवा घाबरल्याचे असते. चेहरा म्हणजे भावनेचे लेबल, असे मानणाऱ्या शिक्षकाला त्यात उर्मटपणा दिसतो. याउलट घरात काही दुःखद घडले असूनही जे मूल नेहमीसारखे शांत बसते, त्याच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. तक्ता चुकीचा असेल तर त्याची किंमत अशी मुले मोजतात.

आपल्या परंपरेतील एक दृष्टी

भरताच्या नाट्यशास्त्रात भावांची यादी तक्त्यापेक्षा बरीच मोठी आहे. आठ स्थायी भाव, तेहतीस व्यभिचारी भाव आणि आठ सात्त्विक भाव, असे एकूण एकोणपन्नास. पण आमच्या दृष्टीने यादीहून तिची मांडणी महत्त्वाची आहे. तेथे भावाबरोबर विभाव येतो, म्हणजे ज्यामुळे भाव जागा होतो ते कारण, तो प्रसंग. आणि अनुभाव येतो, म्हणजे बाहेर दिसणारा परिणाम. चेहरा हा अनुभावाचा एक भाग, तोही इतर अनेकांबरोबरचा. नाट्यशास्त्र हा रंगभूमीचा ग्रंथ आहे, मानसशास्त्राचा नाही हे खरे. तरीही विभावावाचून नुसता अनुभाव दाखवून भागत नाही, ही नटाला दिलेली शिकवण शिक्षकालाही उपयोगी आहे.

आपली भाषा तर हे रोजच करते. 'रुसणे' हा नुसता राग नव्हे, कोणीतरी समजूत काढील याची वाट पाहणारा तो राग. आशा लागावी आणि ती मोडावी, की मूल 'हिरमुसते'. राग आला पण काही करता येत नाही, तेव्हा ते 'चरफडते'. पकडले गेले की 'ओशाळते', पुढचे संकट दिसू लागले की 'धास्तावते'. या प्रत्येक शब्दात एक प्रसंग दडला आहे. पाच रंगांत हे बसवायचे तर यांतले बहुतेक शब्द पुसून टाकावे लागतील.

मग खेळ कोणते?

पहिला खेळ प्रसंगाचा. चिठ्ठ्यांवर प्रसंग लिहावेत: 'सहलीच्या दिवशीच पाऊस लागला', 'मित्राला बक्षीस मिळाले, मला नाही', 'बाईंनी नाव पुकारले आणि उत्तर येत नव्हते'. गटाने त्या मुलाला काय वाटले असेल ते सांगावे, नंतर करून दाखवावे. एकाच चिठ्ठीला दोन-तीन उत्तरे आली तर उत्तमच. शिक्षकाने 'बरोबर' किंवा 'चूक' न म्हणता 'असे का वाटले असेल?' एवढेच विचारावे.

दुसरा खेळ शब्दांचा. वर्गात एक दोरी बांधून कुरकुरणे, चिडणे, रुसणे, चरफडणे, संतापणे हे शब्द चिमट्यांनी सौम्याकडून तीव्राकडे लावायला सांगावेत. रुसणे कोठे लावायचे यावर मुले भांडतील. त्या भांडणातच त्यांना समजेल की तो शब्द एका ओळीत बसत नाही, कारण त्याला समोर कोणीतरी आपले माणूस लागते.

तिसरा खेळ सोंगाचा. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी १९३३ सालच्या व्याख्यानात असा विचार मांडला होता की, मूल खेळातच सर्वांत जास्त आत्मसंयम दाखवते, कारण खेळाचा नियम पाळण्यातच त्याला सुख असते. त्यांच्या परंपरेतील एका प्रयोगात नुसते 'हलू नको' म्हटल्यावर जी मुले थोडा वेळही उभी राहीनात, तीच मुले पहारेकऱ्याचे सोंग घेतल्यावर बराच वेळ स्थिर राहिली. २०१७ साली अमेरिकेत चार व सहा वर्षांच्या १८० मुलांना एक कंटाळवाणे काम देऊन जवळच खेळाचे साधन ठेवले होते. तेथेही बॅटमनसारख्या आवडत्या पात्राचे सोंग घेतलेली मुले सर्वांत जास्त वेळ कामाला चिकटून राहिली.

आपल्या वर्गात चार मुलांना किल्ल्याचे पहारेकरी करावे आणि इतरांनी अंगाला हात न लावता त्यांना हसवावे. खेळ संपला की विचारावे, 'हसू कसे आवरलेत?' कोणी सांगेल दुसरीकडे पाहिले, कोणी सांगेल मनात पाढे म्हटले, कोणी म्हणेल मी पहारेकरी आहे असे स्वतःला बजावले. ही उत्तरे फळ्यावर लिहावीत. मनावर ताबा मिळवण्याच्या या युक्त्या मुलांच्या स्वतःच्या आहेत, आणि राग किंवा रडू आवरायचे असेल तेव्हा यांतली कोणती चालेल याचा विचारही त्यांनाच करू द्यावा.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. एक, कोणत्याही मुलाला स्वतःची भावना सर्वांसमक्ष सांगण्याची सक्ती नको. प्रसंग कल्पित असावेत आणि 'मला सांगायचे नाही' हे उत्तर मान्य असावे. दुसरे, खेळ हा उपचार नव्हे. एखादे मूल आठवडेच्या आठवडे मिटून बसले असेल तर त्याच्या पालकांशी बोलावे, समुपदेशकाची मदत घ्यावी.

म्हणून चित्रपट अवश्य दाखवावा, पण रंगांचे पत्ते वाटण्याची घाई करू नये. बिंग बाँग खाली बसतो आणि सॅडनेस त्याच्याजवळ येते, त्या प्रसंगानंतर पडदा थांबवावा आणि तीन प्रश्न विचारावेत. जॉयने काय केले? सॅडनेसने काय केले? आणि तुमच्या मित्राची आवडती वस्तू हरवली, तर तुम्ही यांपैकी काय करता? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला पुरेसा वेळ मिळेल असा तास निवडावा.