रोआल्ड डाल यांचा गोवरावरील लेख : शोक, आकडे आणि एक अनुल्लेख

रोआल्ड डाल (१९१६–१९९०) हे नाव आपल्याकडे मुख्यतः बालसाहित्यकार म्हणून परिचित आहे. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर पुष्कळ लिहिले गेले; परंतु १९८६ मध्ये गोवराच्या लसीच्या पुरस्कारार्थ त्यांनी लिहिलेला एक लहानसा लेख समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येतो. ‘मीझल्स : अ डेंजरस इलनेस’ हे त्याचे शीर्षक. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमधून पसरलेल्या गोवराच्या साथीच्या वेळी, २०१५ च्या प्रारंभी, तो पुन्हा मोठ्या प्रमाणावर वाचला गेला आणि लसीकरणाचा पुरस्कार करणाऱ्यांचा एक ठरलेला आधार झाला. प्रस्तुत लेखात या मजकुराचा वाङ्मयीन दृष्टीने विचार करावयाचा आहे. ज्यांचे मूल आधीच एखाद्या गंभीर व्याधीने ग्रस्त आहे, अशा पालकांपर्यंत तो का पोहोचत नाही, हा प्रश्न त्यात मुख्य आहे.

लेखाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. पहिल्या भागात डाल आपल्या थोरल्या मुलीच्या, ऑलिव्हियाच्या, मृत्यूची हकिकत सांगतात. १९६२ च्या नोव्हेंबरात, वयाच्या सातव्या वर्षी, तिला गोवर निघाला. आजार नेहमीच्या क्रमाने चालला होता. ती बरी होत आहे असे वाटत असताना एका सकाळी वडील तिच्या पलंगावर बसून रंगीत लवदार तारांची छोटी जनावरे करून दाखवत होते. तिची पाळी आली तेव्हा तिच्या बोटांचा आणि मनाचा मेळ बसत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. तासाभरात तिची शुद्ध हरपली. बारा तासांत ती गेली. गोवरातून उद्भवलेला मेंदूचा दाह हे मृत्यूचे कारण होते. ब्रिटनमध्ये गोवराची लस १९६८ मध्ये उपलब्ध झाली, म्हणजे ऑलिव्हियाला ती मिळणे शक्यच नव्हते. ही हकिकत डाल यांनी अत्यंत संयमाने लिहिली आहे. त्यांच्या बालकथांतील अतिशयोक्ती आणि खट्याळपणा येथे नावालाही नाही.

दुसरा भाग आकड्यांचा आहे. त्या काळच्या ब्रिटनमध्ये वर्षाला लाखावर मुलांना गोवर होई, सुमारे दहा हजारांना त्यातून अन्य उपद्रव होत आणि सुमारे वीस मुले दगावत, असे डाल सांगतात. उलट लसीचा गंभीर दुष्परिणाम दहा लाखांत एकाला, आणि त्यापेक्षा चॉकलेटची वडी घशात अडकण्याचा संभव अधिक, असे ते म्हणतात. अमेरिकेत गोवर जवळजवळ नाहीसा झाल्याचे त्यांचे विधान मात्र घाईचे ठरले. १९८९ ते १९९१ या काळात तेथे ५५ हजारांहून अधिक रुग्ण आढळले आणि १२० हून अधिक मृत्यू झाले. तथापि ही साथ मुख्यतः लस न घेतलेल्या लहान मुलांत पसरली असल्याने त्यांच्या मूळ प्रतिपादनाला तिने बाध आला नाही.

हा युक्तिवाद ज्या पालकाला उद्देशून आहे, त्याचे मूल निरोगी आहे. गोवर हा एकदा येऊन जाणारा किरकोळ आजार, अशी त्या पालकाची समजूत आहे. (आपल्या घरांतही ती फार वेगळी नव्हती.) अशा पालकाच्या निष्काळजीपणाला डाल यांचा लेख थेट हादरा देतो आणि त्यात तो पूर्णपणे यशस्वी होतो. परंतु लसीविषयीची साशंकता नेहमी निष्काळजीपणातून येत नाही. अपस्माराचे झटके येणाऱ्या किंवा मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचे आई-वडील दुखणे हलके मानत नाहीत. ते प्रत्येक तापाला घाबरतात. त्यांना ‘दहा लाखांत एक’ हा आकडा धीर देत नाही, कारण जे सहसा घडत नाही असे सर्वांनी सांगितले होते, ते त्यांच्या घरी एकदा घडून गेलेले असते.

येथे डाल यांच्या चरित्रातील एक गोष्ट महत्त्वाची ठरते. त्यांच्याच घरात असे एक मूल होते. डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्क येथे रस्ता ओलांडताना त्यांचा चार महिन्यांचा मुलगा थिओ याच्या बाबागाडीला टॅक्सीची धडक बसली. डोक्याला जबर इजा होऊन मेंदूत पाणी साचू लागले. ते काढून टाकण्यासाठी बसवलेली नळी वारंवार तुंबत असे. त्या त्रासातून डाल, जलयांत्रिकीचे अभियंता स्टॅन्ली वेड आणि लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील मेंदूशल्यविशारद केनेथ टिल या तिघांनी मिळून एक नवी झडप तयार केली. ती १९६२ मध्ये प्रत्यक्ष वापरात आली, तोपर्यंत थिओला तिची गरज उरली नव्हती.

त्याच वर्षी ऑलिव्हियाच्या शाळेत गोवर आला. पुढील तपशील पॅट्रिशिया नील यांच्या १९८८ च्या आत्मचरित्रात आणि डोनाल्ड स्टरॉक यांच्या २०१० च्या डाल-चरित्रात आहे. नील यांना मुलांसाठी गॅमा ग्लोब्युलिन हवे होते. गोवराची तीव्रता त्याने कमी होई; पण ब्रिटनमध्ये ते सहज मिळत नसे. डाल यांच्या सावत्र बहिणीचे पती अ‍ॅश्ली माइल्स हे त्या वेळी लिस्टर इन्स्टिट्यूटचे संचालक होते. त्यांनी थिओपुरते गॅमा ग्लोब्युलिन पाठवले. मुलींना गोवर येऊन गेलेलाच बरा, असे त्यांचे मत होते. थोडक्यात, संरक्षण मिळाले ते दुबळ्या मुलाला आणि मृत्यू आला तो धडधाकट मुलीला.

१९८६ च्या लेखात यातील एक अक्षरही नाही. ऑलिव्हियाला अर्पण केलेल्या दोन पुस्तकांचा, ‘जेम्स अँड द जायंट पीच’ आणि ‘द बीएफजी’ यांचा, उल्लेख अखेरीस येतो; थिओचे नाव कुठेच येत नाही. हा अनुल्लेख समजण्याजोगा आहे. एका आप्ताच्या निर्णयाला जाहीरपणे दोष लावणे डाल यांना अनुचित वाटले असेल. शिवाय ऑलिव्हियाविषयी ते क्वचितच बोलत; तिच्या अखेरच्या दिवसांची त्यांनी लिहून ठेवलेली वही त्यांच्या निधनानंतरच कुटुंबीयांच्या हाती लागली. प्रचारासाठी लिहिलेल्या लहान मजकुराला मर्यादा असतात, हेही मान्य करावे लागेल. तरीसुद्धा लेखाची खरी उणीव येथेच आहे, असे माझे मत आहे. दोन वर्षांत दोनदा दुर्मीळ संकट भोगलेला बाप वाचकाला संभाव्यतेचे गणित सांगतो. पण त्या गणिताचा ज्यांना आधार वाटत नाही त्यांच्याशी बोलण्याचा जो अधिकार त्याला होता, तो वापरत नाही.

या उणिवेचे गांभीर्य कळण्यासाठी त्याच काळातील डांग्या खोकल्याच्या लसीचा वाद पाहिला पाहिजे. १९७४ मध्ये त्याच ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील डॉक्टरांनी त्रिगुणी लसीनंतर मेंदूचे विकार उद्भवल्याचे मानल्या गेलेल्या ३६ मुलांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. पालकांची संघटना त्याआधीच स्थापन झाली होती. लसीकरणाचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास घसरले. १९७७ ते १९७९ मध्ये डांग्या खोकल्याची मोठी साथ आली. नुकसानभरपाईचा कायदा १९७९ मध्ये झाला. या पालकांच्या कथनाची घडण पाहिली तर ती डाल यांच्या कथनासारखीच आहे : सकाळी मूल हसत-खेळत होते, मग ही गोष्ट घडली, आणि रात्री ते आमचे मूल राहिले नाही. तपशिलाची तीच बारकाई आणि तोच निर्व्याज शोक येथे आढळतो, फक्त निष्कर्ष नेमका उलट आहे. म्हणजे शोकाच्या साक्षीला स्वतःची अशी दिशा नसते. डाल यांचा लेख खरा ठरतो तो हकिकतीच्या प्रभावामुळे नव्हे, तर तिच्यामागे असलेल्या निदानामुळे. लेखाचे गुणगान करणारे ही बाब सहसा नजरेआड करतात.

त्या दुसऱ्या कथनाला उत्तर मिळायला तीन दशके लागली. २००६ मध्ये सॅम्युएल बर्कोविक आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांनी लसीमुळे मेंदूविकार झाल्याचे मानलेल्या १४ रुग्णांची तपासणी केली. त्यांपैकी ११ जणांत एससीएन१ए या जनुकातील बदल आढळला. शार्लोट द्राव्हे यांनी १९७८ मध्ये वर्णन केलेल्या तीव्र अपस्माराशी हा बदल निगडित आहे. अशा मुलाला लसीनंतरच्या तापाने पहिला झटका येऊ शकतो. मात्र व्याधी आधीच त्याच्यात असते. लस टाळली तरी ती टळत नाही, हे २०१० मधील पुढील अभ्यासातून दिसले. पालकांनी पाहिलेले खोटे नव्हते. त्यांनी लावलेला अर्थ चुकीचा होता, आणि त्यांच्या हाती त्या वेळी दुसरा अर्थ नव्हता.

गोवराच्या लसीबाबत आणखी एक भेद करावा लागतो, जो डाल करीत नाहीत. ही जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूंची लस आहे. रक्ताच्या कर्करोगावर औषधोपचार चालू असलेल्या मुलाला ती देता येत नाही. तेथे पालकांनी थांबणे हेच योग्य असते, आणि त्या मुलाचे संरक्षण वर्गातील इतर मुलांनी लस घेण्यावर अवलंबून राहते. याउलट स्वमग्न मुलांचे पुढील डोस आणि त्यांच्या धाकट्या भावंडांचे लसीकरण इतरांच्या तुलनेत कमी होते, असे २०१८ मधील अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात आढळले. १९९८ च्या ज्या शोधनिबंधातून ही भीती पसरली, तो ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला होता. या दोन्ही घरांतील पालक ‘कचरतात’. पण पहिल्याला आश्वासन हवे असते ते शेजाऱ्यांकडून, आणि दुसऱ्याला ते हवे असते आपल्या मुलाची फाइल पूर्ण वाचलेल्या डॉक्टरकडून. द्राव्हे विकाराच्या मुलाला लस देताना तापावरचे औषध केव्हा द्यायचे, झटका आला तर काय करायचे, लसीनंतर किती वेळ देखरेखीखाली ठेवायचे, हे प्रश्न त्या आईला पडलेले असतात. तिला चॉकलेटच्या वडीचा दाखला देऊन भागत नाही.