पाठीवरची शिवण

मोटारीकडे आपण पाहतो ते तिच्या तोंडाकडून. दिवे हे डोळे, रेडिएटर हे नाक, अशी ओळख पटवत नजर मागे सरकते. बुगाटीच्या ‘टाइप 57 एससी अटलांटिक’समोर मात्र नजर थेट पाठीवर जाते. बॉनेटच्या मध्यावर पत्र्याची एक उभी कड उठते, समोरच्या काचेचे दोन भाग करते, छपरावरून चढते आणि मागच्या छोट्या खिडकीलाही दुभंगून शेपटीपर्यंत उतरते. कडेच्या दोन्ही अंगांना ओळीने रिबिटा मारलेल्या आहेत. पुढच्या-मागच्या मडगार्डांच्या माथ्यावरही तशाच कडा. इतकी गुळगुळीत, ओघळत्या थेंबासारखी गाडी, आणि तिच्या पाठीवर अशी उघडी शिवण!

ती तिथे कशी आली, हे कळल्यावर ही गाडी मला अधिकच आवडू लागली.

1935 साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात बुगाटीने ‘एरोलिथ’ नावाची नमुन्याची गाडी मांडली. एरोलिथ म्हणजे आकाशातून पडलेला दगड, उल्का. आराखडा झाँ बुगाटीचा. संस्थापक एत्तोरे बुगाटी यांचा हा थोरला मुलगा तेव्हा 26 वर्षांचा होता. एरोलिथचे अंग मॅग्नेशियमच्या एका हलक्या मिश्रधातूचे होते. मॅग्नेशियम झटकन पेट घेते, त्यामुळे असे पत्रे वेल्डिंगने जोडणे धोक्याचे. मग गाडीचे डावे आणि उजवे अंग वेगवेगळे घडवायचे, दोघांच्या कडा बाहेर वळवून एकमेकींना भिडवायच्या आणि रिबिटांनी शिवून टाकायच्या, हा मार्ग निघाला. शिवणीचा जन्म असा अडचणीतून झाला.

पुढे 1936 ते 1938 या काळात अटलांटिक तयार झाल्या, त्या ॲल्युमिनियमच्या. ॲल्युमिनियमला वेल्डिंग चालते. सांधा घासून, वर रंग चढवून तो नाहीसा करणे बुगाटीच्या मोल्शेमच्या कारखान्यातल्या कारागिरांना मुळीच कठीण नव्हते. अडचण संपली होती. तरी झाँने शिवण ठेवली.

इथे मला आपली लेणी आठवतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताखाली खरे लाकडी वासे आहेत. कातळातल्या छताला वाशांच्या आधाराची गरज नाही, तरी लाकडी इमारतीची सवय असलेल्या डोळ्यांसाठी ते बसवले गेले. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात पोहोचेपर्यंत तेच वासे दगडात कोरले जाऊ लागले होते. कामाची वस्तू कामातून मोकळी झाली की पुष्कळदा टाकून दिली जाते. कधी कधी एखाद्या जाणत्या हाताला तिच्यात रूप दिसते आणि ती राहते. झाँचा हात तसा होता.

शिवण मनातल्या मनात पुसून पाहा. उरते ती लांब नाकाची, फुगीर मडगार्डांची एक देखणी गाडी, पण तिची वळणे एकमेकांत विरघळून जातात, नजरेला धरायला काही राहत नाही. शिवण त्या गोलाईला कणा देते. ऊन एका बाजूने पडले की कडेची बारीक सावली दुसऱ्या बाजूवर उतरते आणि रंग एकच असूनही दोन अंगे वेगळी उठून दिसतात. जोड लपवायचा नाही, त्यालाच रेषा मानायचे, हे धैर्य त्या काळच्या आलिशान गाड्यांत दुर्मीळ होते. त्यांची श्रीमंती क्रोमच्या पट्ट्यांत होती. हिची जोडकामात आहे.

शिवणीखालची गाडीही तेवढ्याच विचाराची. 57 एस मधला ‘एस’ म्हणजे बसकी केलेली चासी. मागचा आस चौकटीच्या खालून किंवा वरून न नेता चौकटीतूनच आरपार नेला आहे, म्हणून सगळी गाडी जमिनीलगत आली. पुढचा रेडिएटर नांगराच्या फाळासारखा मधोमध टोकदार. शिवणीची सुरुवात जणू तिथूनच झालेली. बॉनेटखाली एका रांगेत आठ सिलिंडर, 3,257 घनसेंटिमीटरचे इंजिन, दोन कॅमशाफ्ट. ‘सी’ हे अक्षर सुपरचार्जरचे. तो बसवल्यावर शक्ती सुमारे 200 अश्वशक्तीपर्यंत जाई आणि वेग ताशी 200 किलोमीटरपर्यंत. दारे छपरात वरपर्यंत कापलेली, कारण इतक्या बुटक्या गाडीत शिरायचे तर डोक्यालाही वाट हवी. दारांच्या खिडक्या मात्र घेवड्याच्या दाण्याएवढ्या वाटतात. आत बसणाऱ्याला बाहेरचे जग बेताचेच दिसत असणार, आणि उकडतही असणार. हा दोषच आहे, आणि तो मी रूपाच्या नावाखाली माफ करणार नाही. ही गाडी बाहेरून पाहणाऱ्यासाठी अधिक घडवली गेली.

बुगाटींच्या घरात हे नवल नव्हते. एत्तोरे यांचे वडील कार्लो लाकडी सामानाचे नामांकित कलाकार, धाकटा भाऊ रेम्ब्राँ प्राण्यांची शिल्पे करणारा. हे कुटुंब मूळचे मिलानचे. कारखाना 1909 मध्ये अल्सासमधल्या मोल्शेमला निघाला तेव्हा तो प्रांत जर्मनीत होता. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्समध्ये आला आणि बुगाटी ही फ्रेंच गाडी झाली.

अटलांटिक हे नाव वैमानिक झाँ मेर्मोझच्या स्मरणार्थ दिले, असे सांगतात. डिसेंबर 1936 मध्ये तो विमानासह अटलांटिक महासागरावर कायमचा नाहीसा झाला. विमानासारख्या रिबिटा अंगावर मिरवणाऱ्या गाडीला वैमानिकाच्या समुद्राचे नाव शोभते.

अटलांटिक बनल्या फक्त चार. पहिली लंडनच्या व्हिक्टर रॉथशिल्ड यांच्याकडे गेली. एका गाडीला 1955 मध्ये रेल्वे फाटकावर आगगाडीने धडक दिली. पुढे ती अवशेषांतून पुन्हा उभी केली गेली. एक आज अमेरिकेत, राल्फ लॉरेन यांच्या संग्रहात आहे. चौथी काळी. ती झाँ स्वतः वापरत असे.

11 ऑगस्ट 1939 रोजी, मोल्शेमजवळच्या रस्त्यावर, त्याच वर्षी ल मान्सची शर्यत जिंकलेली बुगाटी पळवून पाहताना रस्त्यात आलेल्या सायकलस्वाराला वाचवायला झाँने गाडी वळवली. ती झाडावर आदळली. तो 30 वर्षांचा होता. तीन आठवड्यांत युद्ध सुरू झाले, पुढच्या वर्षी जर्मन सैन्य अल्सासमध्ये आले, आणि त्या धांदलीत काळी अटलांटिक कुठे गेली याचा माग अजून लागलेला नाही.

तिची छायाचित्रे उरली आहेत, कृष्णधवल. काळ्या रंगावर काळाच पत्रा, त्यामुळे अंगाची वळणे सावलीत बुडून गेलेली. नाकापासून शेपटीपर्यंत एक बारीक उजळ रेघ तेवढी स्पष्ट दिसते.