कोल्हा कुठे लिहिलाय?

लहान मुलांसाठी पुस्तक घ्यायला गेलात की दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘वय काय?’ गेल्या दिवाळीत मी सांगितलं, ‘भाची अडीच वर्षांची, भाचा सहाचा.’ काउंटरवरच्या काकांनी भाचीसाठी जाड पुठ्ठ्याची फळं-भाज्यांची पुस्तकं काढली आणि भाच्यासाठी बारीक टायपातल्या बोधकथा. मी त्याच्यासाठी एक चित्रांचं पुस्तक उचललं, तर काका म्हणाले, ‘अहो, हे अगदीच बाळबोध होईल त्याला. पहिलीत आहे ना? वाचता येत असेल की आता.’

काकांचा दोष नाही. आपण सगळेच असं धरून चालतो की चित्रं म्हणजे सायकलची मागची छोटी चाकं. तोल सांभाळता आला की ती काढून टाकायची. अक्षरं येईपर्यंत चित्रं, अक्षरं आल्यावर मजकूर. मुलांसाठी पुस्तकं निवडताना आपण जी सगळ्यात मोठी चूक करतो ती बहुतेक हीच.

त्या दिवशी मी दुकानातून काहीच घेतलं नाही. दोघांसाठी माझ्याच कपाटातलं एक पुस्तक घेऊन गेले. पॅट हचिन्सचं ‘रोझीज वॉक’, १९६८ सालचं. रोझी नावाची कोंबडी शेतावर फेरफटका मारते आणि जेवणाच्या वेळेला घरी परतते. सगळ्या पुस्तकात मिळून इंग्रजी शब्द फक्त ३२, तेही एकाच वाक्यात. शब्दांत एवढंच आहे. चित्रांत मात्र पहिल्यापासून एक कोल्हा तिच्या मागावर आहे. तो दाताळ्यावर पाय देतो आणि दांडा नाकावर बसतो, तळ्यात पडतो, गवताच्या गंजीत गाडला जातो, पिठाने माखतो, शेवटी मधमाश्या त्याला पळवून लावतात. मजकुरात या कोल्ह्याचा उल्लेखसुद्धा नाही.

मी मराठीत सांगत गेले, जेवढं लिहिलंय तेवढंच. भाची दर पानावर कोंबडी शोधत होती आणि सापडली की तिच्यावर बोट आपटत होती. कोल्ह्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. एकच कोंबडी पान उलटलं तरी तीच असते, हा शोध तिला पुरेसा होता. भाचा तिसऱ्या पानापासून अस्वस्थ. ‘मावशी, तू कोल्ह्याचं वाचतच नाहीयेस.’ मी म्हटलं, नाही लिहिलेलं. त्याने पुस्तक ओढून घेतलं, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘मग कोल्हा कुठे लिहिलाय?’

हा प्रश्न अडीच वर्षांचं मूल विचारू शकत नाही. त्यासाठी आधी हे कळावं लागतं की गोष्ट लिहिलेली असते, आणि सांगणाऱ्याला सगळंच माहीत असतं असं नाही. म्हणजे वाचता येऊ लागलं म्हणूनच तर हे पुस्तक त्याला नव्याने उघडलं! दुकानातल्या हिशोबाने ते त्याच्यासाठी ‘बाळबोध’ होतं.

चित्रपुस्तक चांगलं की वाईट हे मी तेव्हापासून असं बघते की शब्द आणि चित्र यांच्यात मुलासाठी काही काम उरलंय का. शब्द म्हणतात ‘सफरचंद’ आणि चित्रात पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक सफरचंद, तर काम संपलं. तो तक्ता झाला. पाठांतराला ठीक. पण ते सफरचंद कुणी खात नाही, कुणी चिरत नाही, कुणाच्या हातून पडत नाही.

एक वर्षाच्या आतल्या बाळाबद्दल फार डोकं खाजवू नये. त्याला ठळक काळं-पांढरं आवडतं, चावता येईल असं पुस्तक लागतं आणि वाचणाऱ्याचा आवाज लागतो. दोन-अडीचपासून मात्र माणसं लागतात. इथे मराठीत आपलं नशीब चांगलं, कारण माधुरी पुरंदरे आहेत. त्यांच्या ‘राधाचं घर’मधली माणसं घरातली वाटतात कारण ती चित्रासाठी उभी राहिलेली नाहीत, आपापल्या उद्योगात आहेत. त्यांचंच ‘चित्रवाचन’ बघा. चित्रं वाचायची असतात, हे नावातच सांगून टाकलंय. हे पुस्तक कुठल्या वयाचं? तीन वर्षांचं मूल वस्तू ओळखेल, पाचाचं चित्रात काय चाललंय ते सांगेल, सातआठाचं यातला कोण कुणाशी काय बोलत असेल ते रचेल. कव्हरवर एक आकडा छापायचा तर कुठला छापणार?

चार ते सहा या वयासाठी पुस्तक निवडताना मोठी माणसं आणखी एका गोष्टीला घाबरतात, ती म्हणजे भीती. मॉरिस सेंडाकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ १९६३ साली आलं तेव्हा राक्षस मुलांना झेपतील का, यावर बरीच चर्चा झाली. मला त्या राक्षसांपेक्षा पानांची रचना जास्त धीट वाटते. मॅक्स रागावलेला असतो तेव्हा चित्र लहान, भोवती पांढरी कड. तो दूर जात जातो तशी चित्रं वाढतात, शब्दांना ढकलतात आणि धुडगुसाच्या वेळी सलग तीन जोडपानं नुसती चित्रांची, एकही शब्द नाही. मग चित्रं पुन्हा आवरतात. शेवटच्या पानावर चित्रच नाही, फक्त थोडे शब्द. राग कसा वाढतो आणि कसा उतरतो हे चार वर्षांच्या मुलाला याहून चांगलं कसं समजावणार? बोधकथेने?

आता फोनबद्दल, कारण तुम्ही हे फोनवरच वाचताय. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून फुकट आहे, मराठीत भरपूर गोष्टी आहेत आणि जिथे पुस्तकांचं दुकानच नाही तिथे ते वरदान आहे. त्यावर गोष्टींच्या चार पातळ्या असतात. पहिली पातळी म्हणजे २५० पेक्षा कमी शब्द, चौथी म्हणजे १५०० च्या वर. स्वतः वाचणाऱ्या मुलासाठी ही सोय चांगलीच. पण ऐकणाऱ्या मुलाला ती लागू होत नाही, हे आपण विसरतो. तीन वर्षांचं मूल मांडीवर बसून तिसऱ्या पातळीची गोष्ट मजेत ऐकतं, आणि कमी शब्दांचं पुस्तक लहानांचंच असतं असंही नाही. शॉन टॅनच्या ‘द अरायव्हल’मध्ये (२००६) वाचता येईल असा एक शब्द नाही. घर सोडून परक्या देशात गेलेल्या माणसाची ती गोष्ट आहे. तिथली अक्षरंही टॅनने मुद्दाम कुणालाच वाचता येऊ नयेत अशी काढली आहेत. ते दहाबारा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यावं, किंवा गाव सोडून नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलेल्या तुमच्या रूममेटच्या. शब्द मोजून पातळी ठरवायची तर टॅन पहिल्याच्याही खाली जाईल.

फोनची दुसरी अडचण साधी आहे. उभ्या स्क्रीनवर जोडपान मावत नाही. सेंडाकची वाढत जाणारी चित्रं तिथे वाढतच नाहीत, सगळी सारख्याच मापाची होतात. शिवाय अडीच वर्षांच्या बोटाला कोंबडीवर आपटायचं असतं आणि स्क्रीन लगेच पुढच्या पानावर जाते.

दिवाळीनंतर ते पुस्तक परत आलंच नाही. मध्ये बहिणीचा फोन आला होता. भाचा आता धाकटीला ते ‘वाचून’ दाखवतो आणि कोल्ह्याचे संवाद स्वतःचे घालतो. त्याचा एक प्रश्न मात्र सुटलेला नाही : कोल्हा मागे आहे हे रोझीला माहीत असतं का? पानभर डोळे लावून पाहिलं तरी तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. तो म्हणतो, माहीत असतं, ती मुद्दाम त्या वाटेने जाते. बहीण म्हणते, छे, तिला पत्ताच नाही. माझं मत विचारलं तेव्हा मी म्हटलं, पुस्तक परत दे, बघून सांगते. तो म्हणाला, ‘तूच ये.’