वारस नेमणे आणि जागा रिकामी करणे

बाहेर एवढा पाऊस असताना आपण आलात, आणि जे घरी बसून ऐकताहेत तेही वेळ काढून ऐकताहेत, म्हणून सर्वांचे आभार. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'उत्तराधिकार' एवढा एकच शब्द कळवला. त्यांना वाटलं, आम्ही एखाद्या मठाच्या गादीवर किंवा राजकारणावर बोलणार. आम्ही महेंद्रसिंग धोनीवर बोलणार आहोत. (हशा) हसा, हरकत नाही. पण तत्त्वज्ञान चाळीस वर्षं शिकवल्यावर आमच्या लक्षात आलं आहे की, न्याय म्हणजे काय, कृतज्ञता म्हणजे काय, हे प्रश्न माणसं ग्रंथालयात जितक्या तावातावाने भांडत नाहीत तितक्या क्रिकेटवरून भांडतात.

तळजाईवर सकाळी फिरायला येणाऱ्यांचा आमचा एक कट्टा आहे. 2025 च्या आयपीएलमध्ये चेन्नई सुपर किंग्ज दहाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर राहिली. असं त्यांच्या बाबतीत प्रथमच घडलं. त्यानंतर कट्ट्यावर रोज एकच वाद. एक पक्ष म्हणतो, धोनी आहे तोवर दुसऱ्या कुणाचा विचार कशाला? दुसरा म्हणतो, पाच वर्षांपूर्वीच वारस तयार करायला हवा होता. आणि या वादात पुणेकरांचा जीव जरा जास्तच अडकलेला आहे, कारण तो वारस आपला आहे. ऋतुराज गायकवाड पुण्यात जन्मला, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडला. 2021 च्या आयपीएलमध्ये सर्वाधिक, म्हणजे 635 धावा त्याच्या. मार्च 2024 मध्ये हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी धोनीने कर्णधारपद सोडलं आणि ते त्याच्याकडे आलं.

आज आम्ही या वादाची चिकित्सा करणार आहोत. निकाल देणार नाही. निकाल द्यायला कट्टा आहे.

पहिल्या पक्षाची बाजू आधी नीट मांडू या, कारण ती सहसा नीट मांडली जात नाही. ही मंडळी नुसती भावनेने बोलतात असं समजू नका. त्यांचं पहिलं म्हणणं: 2023 मध्ये धोनीच्या नेतृत्वाखाली चेन्नईने पाचवं विजेतेपद मिळवलं, तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. म्हातारा झाला म्हणून आधीच बाजूला केला असता, तर ते मिळालं असतं का? दुसरं म्हणणं: संघात अकराच जागा, आणि लिलावात पैसाही मोजून मापून. उद्यासाठी कुणाला घ्यायचं तर आजचा एक उपयोगी खेळाडू गमवावा लागतो. तिसरं: जडेजाला 2022 मध्ये कर्णधार केलं, आठ सामन्यांत सहा पराभव झाले आणि त्याने पद परत धोनीकडे दिलं. वारस नेमून काय मिळालं?

ही मांडणी कच्ची नाही. पण तिच्यात एक गफलत आहे, आणि ती गंमत म्हणजे विरुद्ध पक्षाच्या बोलण्यातही आहे. ती नीट दिसावी म्हणून आपण थोडं अमेरिकेत जाऊन येऊ.

तिकडच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाची एक जागा असते. चेंडू हातात घेऊन डाव चालवणारा तो. कर्णधार आणि मुख्य फलंदाज एकत्र केला तर जे होईल, तसं काहीसं. तिथे खेळाडूंचा लिलाव होत नाही. दरवर्षी सगळे संघ पाळीपाळीने कॉलेजातले नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. ग्रीन बे पॅकर्स या संघाकडे ब्रेट फार्व्ह नावाचा दिग्गज क्वार्टरबॅक होता. तो असतानाच 2005 मध्ये त्यांनी आरन रॉजर्सला निवडलं. रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसला, 2008 मध्ये फार्व्ह गेला आणि हा उभा राहिला. पुढे याने संघाला सुपर बोल जिंकून दिला. मग 2020 उजाडलं. आता रॉजर्स छत्तीस वर्षांचा, आणि संघाने पहिल्याच फेरीत जॉर्डन लव्ह हा तरुण क्वार्टरबॅक घेतला. चाहते खवळले. त्यांचं म्हणणं, रॉजर्सला आज मदत होईल असा खेळाडू घ्यायचा सोडून हे काय? आणि पाहा, रॉजर्स त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. चाहते बरोबर होते म्हणायचं? पण 2023 मध्ये रॉजर्स दुसऱ्या संघात गेला, तेव्हा लव्ह तीन वर्षं शिकून तयार होता. मग संघ बरोबर होता म्हणायचं?

दोन्ही म्हणता येतं. इथेच गफलत कळते. वारस हवा की नको, हा प्रश्न आपण निकालांवरून सोडवू पाहतो, आणि निकाल दोन्ही बाजूंनी साक्ष देतात. कारण इथे प्रश्न एक नाही, दोन आहेत. वारस शोधून ठेवणं हा शहाणपणाचा प्रश्न आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याकडे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जागा रिकामी कधी करायची, हा मात्र न्यायाचा प्रश्न आहे. पहिला पक्ष विहीरच खणू नका म्हणतो, कारण त्याला जागा रिकामी व्हायला नको आहे. दुसरा पक्ष विहीर खणली म्हणजे जागा रिकामी झालीच असं धरून चालतो.

आता परत पुण्यात येऊ. ही जागा रिकामी करण्याची गोष्ट आपण आपल्या शहराच्या संघात पाहिलेली आहे, आणि विसरलोही आहोत. चेन्नईवर दोन वर्षांची बंदी होती तेव्हा धोनी पुण्याच्या संघात होता. 2016 मध्ये तो कर्णधार, संघ आठांत सातवा. फेब्रुवारी 2017 मध्ये त्याला बाजूला करून स्टीव्ह स्मिथला कर्णधार केलं. किती संताप झाला होता! आम्हीही कट्ट्यावर कृतघ्नपणा वगैरे शब्द वापरले होते. झालं काय? धोनी त्याच संघात यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून खेळला. वानखेडेवर मुंबईविरुद्ध क्वालिफायरमध्ये त्याने 26 चेंडूंत नाबाद 40 केल्या आणि पुणे अंतिम सामन्यात पोचलं. तो सामना एका धावेने गेला, ते दुःख वेगळं. (हशा) पण कर्णधार कोण याबद्दल त्या हंगामात संभ्रम नव्हता. जुना माणूस संघात असणं ही अडचण नसते. तो असूनही जागा खरोखर रिकामी झालेली असावी लागते.

याचं याहून जुनं उदाहरण मुंबईचं आहे. 1971 च्या सुरुवातीला निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत अजित वाडेकरांच्या पारड्यात टाकलं आणि पतौडींचं कर्णधारपद गेलं. पतौडी एकविसाव्या वर्षी कर्णधार झालेले, एका डोळ्याची दृष्टी गेलेली असताना खेळलेले. लोकांचं प्रेम कुणावर होतं हे सांगायला नको. वाडेकरांनी त्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या. पतौडी वेस्ट इंडीजला गेले नाहीत, पण 1972-73 मध्ये इंग्लंड इथे आलं तेव्हा ते वाडेकरांच्या हाताखाली खेळले. या गोष्टीची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी आपण घेतली नाही. आणि मर्चंट यांना हे मत टाकण्याचा अधिकार होता असं आम्हाला वाटतं, ते केवळ अध्यक्ष म्हणून नव्हे. 1951 मध्ये दिल्लीत, चाळिशीत, इंग्लंडविरुद्ध 154 धावा केल्या त्या सामन्यात त्यांचा खांदा दुखावला आणि तिथेच त्यांनी कसोटी क्रिकेट थांबवलं. स्वतःची जागा सोडून दाखवलेला माणूस दुसऱ्याला जागा सोडायला सांगत होता.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. 1974 मध्ये इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरलो, लॉर्ड्सवर 42 धावांत गारद झालो. परत आल्यावर वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं, ते निवृत्त झाले, आणि त्याच हिवाळ्यात नेतृत्व पुन्हा पतौडींकडे गेलं. म्हणजे वारसाला तीन वर्षांतच कळलं की कृतज्ञतेच्या वहीत त्याचं खातं उघडलेलंच नव्हतं.

ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये बासरीचा दाखला दिला आहे. उत्तम बासरी कुणाला द्यावी? घराण्याने मोठा असेल त्याला नव्हे, देखणा असेल त्याला नव्हे. उत्तम वाजवेल त्याला. कारण बासरी वाजवण्यासाठी असते, सत्कारासाठी नसते. आमचा कट्टा यावर विचारेल, मग उपकारांचं काय? उपकार खरे आहेत. धोनीने आपल्याला जे दिलं त्याचं ऋण आहेच. पण ते ऋण ज्याच्यावर आहे त्यानेच फेडायचं असतं. त्याच्या नावाने स्टँड उभारा, पुतळा उभारा, आमची वर्गणी घ्या. आपण मात्र ते ऋण फेडतो कुणाच्या खिशातून? बाहेर बसलेल्या मुलाच्या.

इथे आपल्या सगळ्यांना माहीत असलेली ययातीची कथा आठवते. म्हाताऱ्या राजाने मुलाचं तारुण्य मागितलं, यदूने नकार दिला, पुरूने दिलं. ही कथा धोनीला लावायचा मोह होतो. आम्ही लावणार नाही. ते त्याच्यावर अन्यायकारक होईल. त्याने तरी नेतृत्व दोनदा सोडून पाहिलं. ययाती प्रेक्षकांत बसला आहे. 2007 मध्ये जो कॉलेजात होता तो आज हिंजवडीत कर्जाचे हप्ते भरतो आहे, केस विरळ झालेत. धोनी मैदानात उतरला की त्याला स्वतःची विशी परत मिळते. ती चालू राहावी म्हणून तो दुसऱ्या कुणाची विशी मागतो. जडेजाने 2023 मध्ये हसत हसत सांगितलं होतं की, मी वर खेळायला आलो तर लोक माझ्या बाद होण्याची वाट पाहतात. आपल्याच संघाचा गडी बाद झाल्यावर आपलेच लोक जल्लोष करतात! आम्ही हे टीव्हीवर पाहिलं आणि हसलोही. आता हसू येत नाही.

आणि जागा खरोखर रिकामी झाली की काय होतं, तेही 2025 च्या हंगामात दिसलं. ऋतुराजच्या कोपराला दुखापत झाली, नेतृत्व पुन्हा धोनीकडे आलं, आणि ऋतुराजच्या जागी सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे आला. 3 मे रोजी बंगळुरूविरुद्ध त्याने 94 धावा केल्या. सामना दोन धावांनी हरलो. पण तो पोरगा होता कुठे इतके दिवस? बाहेर. त्याला जागा मिळाली ती योजनेने नव्हे, एका कोपराच्या दुखापतीने.

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो, कारण ते न सांगता हे व्याख्यान पुरं केलं तर ती लबाडी ठरेल. आम्ही साठाव्या वर्षी निवृत्त झालो. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ घेतलं, डोळे पुसले. आणि पुढच्या जूनपासून मानद प्राध्यापक म्हणून एम.ए.ला कान्ट शिकवायला परत गेलो. सहा वर्षं! विभागात एक तरुण बाई होत्या. त्यांचा प्रबंधच कान्टवर. त्या सहा वर्षं पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र शिकवत राहिल्या. विद्यार्थी म्हणायचे, सर, तुमच्यासारखा कान्ट कुणी शिकवत नाही. आम्हाला ते खरं वाटायचं. अहो, दुसऱ्या कुणाला शिकवूच दिला नव्हता, तर तुलना करणार कशाशी? बाईंनी कधी तक्रार केली नाही. एके दिवशी त्या दुसऱ्या शहरात नोकरी घेऊन गेल्या. जाताना नमस्कार करायला घरी आल्या होत्या. आम्ही त्यांना आशीर्वाद दिला. माफी मागायला हवी होती, हे आम्हाला कळायला आणखी काही वर्षं लागली.

म्हणून कट्ट्यावर कुणी म्हणालं की "त्याला अजून जमतंय की!", तर आम्ही गप्प बसतो. आम्हालाही जमत होतं.

शेवटी तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. धोनीने थांबावं का? 2025 च्या हंगामाच्या अखेरीस त्याने सांगितलं होतं की निर्णयाला चार-पाच महिने आहेत, घाई नाही. तो निर्णय त्याचा. संघाने वारस शोधावा का? शोधावाच, आणि आज जमतंय तेव्हाच शोधावा. न जमण्याची वाट पाहिली तर नव्या मुलाला शिकायला वेळच उरत नाही, त्याला पहिल्या दिवसापासून नुसतं जिंकावं लागतं. जडेजाचं तेच झालं. वाडेकरांना तीन वर्षं तरी मिळाली.

आणि आपण काय करावं? आपल्या हातात फार नाही. पण एक आहे. पुढच्या वेळी गहुंजेला किंवा टीव्हीपुढे बसाल, आणि एखादा बावीस वर्षांचा पोरगा बाद होऊन मान खाली घालून परत येत असेल, तेव्हा त्याच्या मागून कोण येणार आहे ते पाहून टाळ्या वाजवू नका. तो पॅव्हिलियनमध्ये पोचेपर्यंत थांबा. मग ज्याच्यासाठी वाजवायच्या त्याच्यासाठी खुशाल वाजवा.

आमची वेळ संपली, आणि आज तरी आम्ही वेळेवर थांबतो. (हशा)