स्वस्त गावाचं बिल

‘नोमॅडलँड’मध्ये एक साधा प्रसंग आहे. फर्नची व्हॅन बंद पडते. गॅरेजवाला खर्चाचा अंदाज सांगतो, साधारण २,३०० डॉलर. वर सल्लाही देतो, की एवढे पैसे या जुन्या गाडीत घालण्यापेक्षा दुसरी घ्या. सल्ला व्यवहाराचाच आहे. फक्त फर्न त्या गाडीत राहते, हे त्याला माहीत नाही. हे बिल गाडीचं नाही, घराचं आहे. तेवढे पैसे जवळ नसल्यामुळे तिला बहिणीकडे उसने मागावे लागतात.

क्लोई झाओच्या या सिनेमाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री अशी तीन ऑस्कर मिळाली. त्याबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा संध्याकाळचा प्रकाश, मोकळे रस्ते आणि एकटेपणातली शांतता यांच्याबद्दल बोलतो. मला मात्र तो हिशेबाची वही म्हणून पाहावासा वाटतो. सिनेमाची सुरुवातच एका गावाच्या हिशेबापासून होते, आणि जिथे हिशेब अवघड होतो तिथे तो वही मिटतो आणि वाळवंटाकडे बघायला लागतो.

ते गाव म्हणजे नेव्हाडातलं एम्पायर. यूएस जिप्सम या कंपनीने तिथला ८८ वर्षांचा कारखाना ३१ जानेवारी २०११ रोजी बंद केला. जुलैपर्यंत गावाचा पिनकोडही रद्द झाला. ही माहिती सिनेमा सुरुवातीच्या पाटीवर देतो आणि पुढे सरकतो. तिथे राहायला काय खर्च येत होता, हे कळायला जेसिका ब्रूडर यांच्याकडे जावं लागतं. त्यांच्या २०१७ च्या पुस्तकावर हा सिनेमा बेतलेला आहे. एम्पायरमध्ये फ्लॅटचं भाडं महिन्याला ११० डॉलरपासून आणि स्वतंत्र घराचं २५० डॉलरपासून होतं. अमेरिकेत हे भाडं जवळजवळ फुकटात जमा.

पण गाव स्वस्त होतं म्हणजे नेमकं काय? घरं कंपनीची होती. कमी भाडं हा पगाराचाच एक भाग होता, फक्त तो पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नव्हता. आपल्याकडे त्यासाठी एक नेमका शब्द आहे: क्वार्टर. ज्यांच्या घरात कुणी कारखान्यात, रेल्वेत किंवा पोलिसात होतं, त्यांना क्वार्टर सोडण्याचा दिवस समजावून सांगावा लागत नाही. अंगणात लावलेलं झाडसुद्धा आपलं नसतं. एम्पायरमध्ये तो दिवस सगळ्या गावावर एकदम आला. नोकरी आणि घर एकाच नोटिशीत गेलं. आयुष्यभर भाडं कमी भरलं, पण नावावर एक भिंतही उरली नाही.

अमेरिकेतल्या लहान गावांच्या स्वस्ताईचं हे एक गुपित आहे. घर स्वस्त असतं, पण घराबाहेर पडलं की मीटर सुरू होतो. एम्पायरहून जवळचं मोठं शहर म्हणजे रीनो, दीडशे किलोमीटरच्या आसपास. अशा ठिकाणी गाडी ही चैन नसते. नोकरी, डॉक्टर, महिन्याचं सामान, सगळं गाडीवर अवलंबून. भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोल, विमा आणि दुरुस्तीत जातात. फर्नने पुढे घर आणि गाडी एकच केलं, त्यामुळे तिच्यापुरतं हे गणित एका २,३०० च्या आकड्यात येऊन बसलं.

त्या आकड्याचं वजन किती? अमेरिकेत केंद्राने ठरवलेलं किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरच आहे. त्या दराने २,३०० डॉलर म्हणजे सुमारे ३१७ तास, आठवड्याला चाळीस धरले तर जवळजवळ आठ आठवडे. तेही काही न खाता. सिनेमातली लिंडा मे स्वतःचीच भूमिका करते. बारा वर्षांची असल्यापासून राबलेल्या या बाईला निवृत्तीनंतर सरकारकडून मिळणार असतात महिन्याला साडेपाचशे डॉलर. उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपर्यंतच भाडं परवडतं, असा तिकडचा सर्वमान्य ठोकताळा आहे. लिंडाचे तीस टक्के होतात १६५. म्हणजे कंपनीच्या मेहेरबानीवर चालणाऱ्या एम्पायरमधलं स्वतंत्र घरही तिला परवडलं नसतं.

हे सगळं सिनेमात आहे, पण विखुरलेलं. ब्रूडर ते जुळवतात. ॲमेझॉनच्या गोदामांत हंगामी काम करणारी सत्तरीला टेकलेली माणसं आणि तिथे भिंतीवर लावलेली वेदनाशामक गोळ्यांची फुकट मशिनं, हे पुस्तकात वाचताना पोटात खड्डा पडतो. सिनेमात गोदाम स्वच्छ आणि उजेडाचं आहे, आणि पैसे चांगले मिळतात असं फर्न म्हणते. ते खोटं नाही. पण त्या पैशाच्या बदल्यात पाठ आणि गुडघे किती झिजले, तो रकाना कोराच राहतो.

सिनेमा हिशेब कुठे सोडतो तेही नेमकं दाखवता येतं. बहिणीच्या घरी जेवताना घरबांधणीच्या धंद्यातल्या पाहुण्यांशी फर्नची चकमक उडते. लोकांना कर्ज काढून न परवडणारी घरं घ्यायला लावता, हे ती तोंडावर सुनावते. सिनेमात एवढ्या स्पष्टपणे बोट दाखवलेलं दुसरीकडे कुठे नाही. तेवढ्यात बहीण मध्ये पडते. फर्नसारखी माणसं जुन्या काळच्या वसाहतकारांसारखीच, ही तर अमेरिकन परंपराच, असं म्हणून ती बाजू सावरते. प्रेमापोटीच म्हणते. पण त्या एका वाक्याने बिलाची परंपरा होते. आणि परंपरेला कुणी विचारत नाही, पैसे कुणी द्यायचे होते?

झाओच्या बाजूनेही बोलायला हवं. तिने या माणसांची कीव केली नाही. लिंडा, स्वांकी, बॉब वेल्स यांना त्यांच्याच चेहऱ्यांनी आणि आवाजांनी बोलू दिलं. गरिबी म्हणजे फक्त रडणं, या सवयीच्या चित्रापेक्षा हे कितीतरी बरं. फर्न बहिणीच्या घरातला पलंग नाकारते तेव्हा तिची निवड खरी वाटते. पण निवड खरी असली, तरी पर्याय कुणी कमी केले हा प्रश्न संपत नाही. फ्रान्सिस मॅकडॉर्मंडच्या चेहऱ्यावर तो प्रश्न अनेकदा येतो, आणि कॅमेरा दर वेळी डोंगरांकडे वळतो.

शेवटी फर्न एम्पायरला परतते. रिकाम्या कारखान्यातून आणि आपल्या जुन्या घरातून फिरते, मागच्या दारातून वाळवंटाकडे निघते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते दृश्य मुक्तीचं वाटलं होतं. भाड्याचा आकडा कळल्यावर पुन्हा पाहिलं, तेव्हा मी वाळवंटाऐवजी त्या दाराकडे बघत होतो. एवढी वर्षं ते दार तिने उघडलं, पुसलं, रात्री लावलं. भाडंही भरलं. ते तिचं कधीच नव्हतं.